मोटारीचे दिवे आणि परतीची वाट

मागील अंकीं या सदरांत आपण घरांतील विजेच्या मीटरासंबंधीं बोललों. त्यानंतर आलेल्या पत्रांपैकीं दोघांतिघांनीं एकच विचारणा केली आहे, कीं घरच्या मोटारीचा एखादा दिवा वारंवार दगा देतो, बल्ब बदलूनहि गुण येत नाहीं, अशा वेळीं दोष शोधावा कसा? पत्रें वाचून प्रस्तुत लेखकाच्या अंगावर कांटा आला, असें सांगितल्यास वाचकांस नवल वाटेल. परंतु याच प्रश्नानें गेल्या आषाढांत आमच्या घरावर मोठें संकट आणलें होतें, आणि तें टळलें त्यांत आमच्या शहाणपणाचा वांटा मुळींच नव्हता.

आमचें कुलदैवत हरिहरेश्वर. पावसाळ्याच्या आरंभीं एकदां तेथें जाऊन यावें असा वडिलांच्या वेळेपासूनचा परिपाठ आहे. त्या खेपेस दोन गाड्या निघाल्या. पुढील गाडी थोरल्या बंधूंची. जुनी, पण त्यांनीं जिवापाड जपलेली. तींत स्वतः दादा, वहिनी आणि आमच्या चौऱ्यायशीं वर्षांच्या मातोश्री. मागील गाडी पुतण्याची. तींत त्याच्या शेजारीं मी व मागील बाजूस धाकटी पुतणी. परततांना माणगांव सोडून ताम्हिणी घाटास लागलों तों काळोख दाटला, पावसाची झड सुरू झाली, आणि धुकें असें उतरलें कीं पुढें दादांच्या गाडीचे दोन तांबडे दिवे तेवढे दिसत होते. एक वळण आलें. दादांनीं ब्रेक दाबला, तेव्हां उजवा दिवा लखकन् उजळला आणि डावा पार विझला. वळण संपलें, ब्रेक सुटला, तसा डावा दिवा कांहीं घडलेंच नाहीं अशा थाटानें पुनः लागला. पुढच्या वळणावर तोच प्रकार. पुतण्या म्हणाला, "काका, बल्ब सैल झालेला दिसतो. पुण्यास गेल्यावर पाहूं." मीं मान डोलावली.

एवढ्यांत एक टेम्पो आम्हांस ओलांडून मध्यें शिरला. पुढच्या वळणापाशीं दादांनीं ब्रेक दाबतांच त्या टेम्पोवाल्याच्या डोळ्यांपुढें एकच तांबडा दिवा उरला. रस्त्यावर एकटा तांबडा दिवा दिसला म्हणजे चालक त्यास दुचाकी समजतो. त्यांत त्याचा काय दोष? दुचाकी रस्त्याच्या मधून चालली आहे, डावीकडे मोकळी जागा आहे, असें मानून त्यानें टेम्पो डावीकडे घातला. ती मोकळी जागा म्हणजे दादांच्या गाडीची अर्धी बाजू होती, आणि तिच्या मागच्या बैठकीवर, डाव्या अंगास, आई बसली होती. ओल्या रस्त्यावर चाकें घासल्याचा आवाज झाला. टेम्पो हातभर अंतरावर थांबला. दादांना यांतलें कांहींच कळलें नव्हतें. ते वळण घेऊन पुढें निघून गेले.

मुळशीस चहासाठीं थांबलों तेव्हां सर्व हकीकत त्यांना सांगितली. वहिनींचा चेहरा उतरला. आईनें मात्र शांतपणें विचारलें, "नुसता असतांना जळतो आणि दाबल्यावर विझतो ना? मग दिव्याचें काय चुकलें?" त्या गडबडीत या प्रश्नाकडे कोणीं लक्ष दिलें नाहीं. पुढें आठ दिवसांनीं कळलें कीं सबंध प्रकरणाची किल्ली त्या एका वाक्यांत होती.

दुसऱ्या दिवशीं गाडी नेहमीच्या वायरमनकडे गेली. त्यानें जुना बल्ब काढून नवा बसविला, दिवे लावले, आणि "बघा साहेब, लागला" म्हणून दाखविलें. लागला होता हें खरें. संध्याकाळीं पुनः पहिले पाढे पंचावन्न. मग त्यानें होल्डर बदलला, तरी तेंच. तिसऱ्या खेपेस तो म्हणाला, कीं गाडी जुनी आहे, आंतली वायर कुजली असेल, सबंध वायरिंगच नवें घालावें लागेल. त्यानें सांगितलेला आंकडा ऐकून दादा गप्प झाले, पण जिवापुढें पैसा तो काय, असें म्हणून होकार देण्याच्या बेतांत होते. मीं त्यांना एका रविवारची मुदत मागितली.

आतां येथें थोडें शास्त्र सांगणें भाग आहे. घरांतील दिव्यास दोन तारा येतात हें सर्वांस ठाऊक आहे. मोटारींत बहुधा प्रत्येक दिव्यास घटमालेच्या धनाग्राकडून येणारी एकच तार स्विचमधून आणलेली असते. परतीची तार निराळी नसते. घटमालेचें ऋणाग्र गाडीच्या लोखंडी सांगाड्यास जोडलेलें असतें, आणि दिव्याचें दुसरें टोंक आखूड तारेनें जवळच्याच पत्र्यास जोडलें म्हणजे सबंध सांगाडाच परतीची वाट होतो. या जोडणीला आपले कारागीर "अर्थ" म्हणतात, जरी रबरी चाकांवर उभ्या असलेल्या गाडीचा भूमीशीं कांहींएक संबंध नसतो. (पुष्कळ इंग्रजी बनावटीच्या गाड्यांत १९६० नंतरहि कांहीं वर्षें धनाग्र सांगाड्यास जोडीत असत. असली गाडी कोणीं हौसेनें जतन केली असेल तर त्यानें हें ध्यानांत ठेवावें.)

आपल्या आगरांतला रहाट ज्यांनीं पाहिला आहे त्यांना हें चटकन् समजेल. पाणी आणतात ते भरलेले लोटे. पण रिकामे लोटे खालीं उतरण्याची बाजू तुटली तर भरलेलेहि वर येत नाहींत. विजेचें तसेंच आहे. आपलें लक्ष नेहमीं भरल्या बाजूकडे, म्हणजे बल्ब, फ्यूज, स्विच यांकडे असतें. रिकामी बाजू पत्र्याखालीं, डिकीच्या कोपऱ्यांत, चिखलापाण्यांत असते आणि तिची आठवण कोणालाहि होत नाहीं. जुन्या गाडींतील दिव्यांचे जे दोष बल्ब बदलूनहि जात नाहींत त्यांपैकीं पुष्कळ या परतीच्या वाटेवर सांपडतात.

पण परतीची वाट तुटली असेल तर दिवा मुळींच लागूं नये. आमचा तर नुसता असतांना छान जळत होता! आईचा प्रश्न नेमका हाच होता. याचें उत्तर मागील दिव्याच्या बल्बांत आहे. त्या एका कांचेच्या फुग्यांत दोन तंतु असतात. एक पांच वॅटचा, रात्रीं सतत जळणारा. दुसरा एकवीस वॅटचा, ब्रेक दाबल्यावर लागणारा. दोघांची येण्याची वाट निरनिराळी, परंतु परतीची एकच, बल्बच्या पितळी बुडख्यांतून. ही सामाईक वाट तुटली म्हणजे वीज स्वस्थ बसत नाहीं. ती आडवाट शोधते. रात्रीचा दिवा लावला कीं पांच वॅटच्या तंतूंतून आलेली वीज बुडख्यापाशीं अडते, आणि तेथून शेजारच्या ब्रेकच्या तंतूंत उलटी शिरते. त्या तारेनें ती उजव्या बाजूच्या ब्रेकच्या दिव्यांत जाते व तेथल्या शाबूत अर्थानें सांगाड्यास मिळते. हे दोन्ही तंतु जाड व थंड असल्यामुळें त्यांचा अडथळा अत्यल्प; म्हणून डावा दिवा जवळ जवळ पूर्ण तेजानें जळतो व पाहणाऱ्यास वाटतें कीं सर्व आलबेल आहे.

आतां ब्रेक दाबा. ब्रेकच्या तारेंतहि बारा व्होल्टचा दाब आला. म्हणजे जी आडवाट होती तीच समोरून भरून आली. बुडख्याच्या दोन्ही अंगांस सारखाच दाब. मग प्रवाह वाहणार कसा? दिवा विझतो. ज्या क्षणीं मागून येणाऱ्यास सावध करावयाचें नेमक्या त्याच क्षणीं तो विझतो. आणि दिवसा, रात्रीचे दिवे बंद असतांना नुसता ब्रेक दाबला तर वीज उलट मार्गानें, म्हणजे मोठ्या तंतूंतून लहान तंतूंत जाते, आणि डावीकडे मिणमिणता तांबडा उजेड दिसतो. घाईंत पाहणारा "लागतो आहे" म्हणून मोकळा होतो. आमच्या वायरमनचें असेंच झालें असावें. त्यानें रात्रीचा दिवा पाहिला, ब्रेकचा दिवा पाहिला. दोन्ही एकदम लावून पाहिले नाहींत.

असो. रविवारीं दिवेलागणीच्या सुमारास अंगणांत गाडी उभी केली. दिव्यांचा दोष भर उन्हांत शोधूं नये. मंद उजेड उन्हांत दिसत नाहीं. वहिनी चालकाच्या जागीं बसल्या, धाकटी पुतणी गाडीच्या मागें उभी राहिली, आई ओटीवर खुर्ची टाकून. साहित्य म्हटलें तर एक पाना, एक पेचकस, पॉलिश पेपरचा तुकडा, एक साधा मल्टिमीटर, आणि बारा व्होल्टच्या लहान बल्बास दोन लांब तारा जोडून केलेला टेस्ट-लॅम्प. पुतणीच्या हातीं मीं वही दिली व सांगितलें, "कांहीं उघडावयाचें नाहीं, कांहीं बदलावयाचें नाहीं. आधीं नुसतें पाहून लिहावयाचें." वैद्य नाडी पाहण्यापूर्वीं रोग्यास बोलूं देतो, येथेंहि तोच क्रम बरा.

मीं एकेक हुकूम सोडावा, वहिनींनीं तो बजावावा आणि पुतणीनें लिहावें असें चाललें. रात्रीचा दिवा एकटा: दोन्ही ठीक. ब्रेक एकटा: उजवा झगझगीत, डावा मंद. दोन्ही मिळून: डावा बंद. मग डावीकडे वळण्याचा इशारा दिला. पुतणी ओरडली, "काका, इंडिकेटर नीट लागतच नाहीं, पण त्याच्याबरोबर ब्रेकचे दोन्ही दिवे अगदीं बारीक लुकलुकताहेत!" ज्या दिव्यांना कोणीं हुकूम केला नाहीं ते दुसऱ्याच्या तालावर नाचूं लागले, म्हणजे वीज आडवाटेनें जात आहे याची ही पक्की खूण. डाव्या बाजूचे सर्व दिवे एकाच अर्थाच्या तारेवर होते. इंडिकेटरची वीज परत जाण्यास जागा नसल्यामुळें ती दोन्ही ब्रेकच्या तंतूंतून रांगत चालली होती. तीन सारखे तंतु एकामागें एक लागल्यावर प्रत्येकाच्या वांट्यास चारेक व्होल्ट येतात. मग उजेड तो किती पडणार?

आतां अनुमानास पुरावा हवा. मल्टिमीटरचें एक टोंक डिकींतील एका स्वच्छ बोल्टास व दुसरें डाव्या होल्डरच्या धातूस लाविलें. परतीची वाट धड असेल तर या दोन जागांत दाबाचा फरक असतां कामा नये. असलाच तर एका व्होल्टच्या दहाव्या-पांचव्या हिश्श्याहून अधिक नसावा. रात्रीचा दिवा एकटा असतांना कांटा अर्ध्या व्होल्टच्याहि आंत राहिला. वहिनींनीं ब्रेक दाबतांच तो बारा व्होल्टांवर चढला. मग एक मोकळी तार घेऊन तिनें होल्डर व बोल्ट यांस जोडलें. डावा दिवा उजव्याच्या बरोबरीनें उजळला. इतकें झाल्यावर वायरिंग कुजलें आहे असें म्हणण्यास जागा राहिली नाहीं.

येथें मल्टिमीटरसंबंधीं एक सूचना केल्यावांचून राहवत नाहीं. हें यंत्र फार सोशीक आहे. तें स्वतः जवळ जवळ वीज खात नाहीं. तारेचे सर्व पदर तुटून एकच केसासारखा धागा उरला असेल, तरी दिवा बंद असतांना मीटर तेथें पुरे बारा व्होल्ट दाखवितो आणि आपण फसतों. दिवा जोडला कीं त्या धाग्यास भार सोसत नाहीं व दाब कोसळतो. म्हणून मापन करावयाचें तें दिवा लावलेला ठेवून, भार चालू असतांना. साधा टेस्ट-लॅम्प या बाबतींत अधिक प्रामाणिक, कारण तो जळण्यासाठीं खरीखुरी वीज मागतो. तसेंच थंड बल्बाचा रोध मोजून त्यावरून हिशेब करूं नये. टंगस्टनचा तंतु तापल्यावर त्याचा रोध थंडपणाच्या दहा-पंधरापट होतो.

डिकीचें अस्तर उचलून अर्थाची काळी तार धरून गेलों. चाकावरील पत्र्याच्या खोबणींत एक लहानसा स्क्रू, त्याखालीं तारेचें कडें. कडें वरून दिसावयास घट्ट. स्क्रू काढला तों खालीं पत्र्यावर गाडीच्याच रंगाचा गुळगुळीत थर! मग दादांना आठवलें. दिवाळीनंतर मागील बाजूस पोंचा आला होता व तेथें पत्रा ठोकून नवा रंग दिला होता. रंगाऱ्यानें सुबक काम केलें आणि ओल्या सुबकपणावर कडें परत बसविलें. रंगांतून वीज जात नाहीं. स्क्रूच्या आट्यांतून जो काय स्पर्श होता त्यावर सहा महिने निभावलें. आषाढाच्या पाण्यानें आटे गंजले आणि तीहि वाट बंद झाली. पॉलिश पेपरनें पत्रा रुपयासारखा चकचकीत होईपर्यंत घासला, कडें घासलें, दातेरी वॉशर घालून नवा स्क्रू आवळला, व वरून व्हॅसलीनचा हात फिरविला. तें आधीं लावूं नये. धातूस धातु घट्ट भिडल्यावर वरून लावावें, म्हणजे ओल शिरत नाहीं. एकंदर खर्च एका स्क्रूचा व एका वॉशरचा.

पत्रें लिहिणाऱ्या वाचकांच्या इतर तक्रारींकडे आतां वळूं. जोडीपैकीं एकच दिवा गेला असेल तर दोष त्या बाजूच्या बल्बांत, होल्डरांत वा अर्थांत. दोन्ही एकदम गेले तर सामाईक जागीं, म्हणजे फ्यूज, रिले किंवा स्विच येथें. खड्ड्यांत गाडी आपटली कीं लुकलुकत असतील तर कोठें तरी जोड सैल आहे. बल्ब वरचेवर जळत असतील तर त्यांस शिव्या न देतां इंजिन चालू ठेवून घटमालेचा दाब पाहावा. इंजिन बंद असतांना भरलेल्या घटमालेचा दाब सुमारें १२.६ व्होल्ट असतो, कारण तिच्यांतील सहा घरांपैकीं प्रत्येकाचे २.१, इंजिन चालू असतां तो साधारणपणें १३.८ ते १४.४ असावा. पंधराच्या वर जाऊं लागला तर अल्टरनेटरचा नियामक बिघडला आहे, आणि बल्बांबरोबर घटमालाहि जाईल.

पुढील दिवे पिवळट व मंद दिसतात ही तक्रार तर घरोघरची. येथें ओमसाहेबांचा १८२७ सालचा नियम उपयोगीं पडतो. पंचावन्न वॅटच्या दिव्यास सुमारें साडेचार अँपिअर प्रवाह लागतो व जळत असतांना त्याचा स्वतःचा रोध अवघा २.६ ओम असतो. आतां एखाद्या गंजलेल्या जोडानें अर्ध्या ओमचा रोध मध्यें घातला असें समजा. अर्धा ओम ही घरांतील विजेच्या कामांत क्षुल्लक गोष्ट; परंतु येथें ती सुमारें दोन व्होल्ट गिळून टाकते. दाब सोळा टक्क्यांनीं उतरला तर उजेडहि सोळा टक्केच उतरेल असें मात्र नाहीं. तंतूचा उजेड दाबाच्या मानानें फार झपाट्यानें पडतो. दाब नऊ-दशांश झाला कीं उजेड सातच दशांश राहतो, आणि वरील उदाहरणांत तर जेमतेम निम्म्याच्या वर. लोक अशा वेळीं अधिक वॅटचा बल्ब घालतात. त्यानें प्रवाह वाढतो, सडलेला जोड अधिक तापतो, होल्डर वितळतो, आणि समोरून येणाऱ्याचे डोळे दिपतात तें वेगळेंच. खरा उपाय म्हणजे दिवा लावून घटमालेपासून बल्बापर्यंत व बल्बापासून सांगाड्यापर्यंत एकेक टप्पा मोजणें. ज्या दोन बिंदूंत व्होल्ट हरवलेले सांपडतील तेथेंच घासावें. घटमालेच्या खुंट्यांवरील पांढरी-हिरवी बुरशी कोमट पाण्यांत खाण्याचा सोडा कालवून धुवावी. पाना लावतांना ऋण खुंटी आधीं सोडावी व शेवटीं जोडावी, म्हणजे पाना चुकून पत्र्यास लागला तरी ठिणगी उडणार नाहीं.

फ्यूज पुनः पुनः जात असेल तर त्याच्या जागीं तांब्याची तार किंवा चांदीचा कागद घालण्याची युक्ति ज्यास सुचते त्यास गाडी देऊं नये. फ्यूज हा मुद्दाम ठेवलेला दुबळा भाऊ आहे. त्यास बलवान केलें तर त्याच्या ऐवजीं अस्तराखालची तार जळते. त्यापेक्षां हें करावें: फ्यूज काढून त्याच्या दोन खांचांत एकवीस वॅटचा बल्ब तारांनीं जोडावा आणि त्या वाटेवरचे दिवे काढून ठेवावेत. तार कोठें पत्र्यास चिकटली असेल तोंपर्यंत हा बल्ब पूर्ण तेजानें जळेल, आणि पावणेदोन अँपिअरपेक्षां अधिक वीज जाऊं देणार नाहीं. मग दारांच्या बिजागऱ्यांपाशीं, डिकीच्या झांकणापाशीं, जेथें जेथें तार वांकते तेथें ती हलवून पाहावी. ज्या ठिकाणीं हलवितांच बल्ब विझेल तेथें सोललेली तार सांपडेल.

एक इशारा मात्र नव्या गाड्या बाळगणाऱ्यांस देणें अवश्य आहे. वरील सर्व विवेचन तंतूचे दिवे व साधें वायरिंग असलेल्या गाडीस लागू. हल्लींच्या पुष्कळ गाड्यांत दिवे एका संगणकाच्या हुकमतींत असतात व तंतूच्या जागीं एलईडी आले आहेत. तेथें टेस्ट-लॅम्प कोठेंहि टोंचल्यास किंमती भाग बिघडण्याची भीति असते. पिवळ्या आवरणाच्या तारा बहुधा एअरबॅगच्या असतात. त्यांस हात लावूं नये. आणि हॅलोजनच्या बल्बाची कांच उघड्या बोटांनीं धरूं नये. हाताचें तेल लागल्या जागीं ती अधिक तापून तडकते. फडक्यांत धरून बसवावी.

मोटारीस विजेचे दिवे आले त्याला शंभरावर वर्षें झालीं. अमेरिकेंत कॅडिलॅक गाडीस १९१२ सालीं विजेचा स्टार्टर व विजेचे दिवे एकदमच बसविले गेले; त्यापूर्वीं कार्बाइडच्या वायूचे दिवे काडीनें पेटवावे लागत. आई म्हणाली, "काडीनें पेटवीत तेव्हां प्रत्येक दिव्यापाशीं जाऊन तो लागला कीं नाहीं हें पाहावेंच लागत असेल." तिच्या बोलण्यावर दादा कांहीं बोलले नाहींत. पण त्या दिवसापासून लांबच्या प्रवासापूर्वीं ते गाडी भिंतीकडे पाठ करून उभी करतात, दिवे लावून ब्रेक दाबतात व आरशांतून भिंतीवर तांबड्या उजेडाचे दोन डाग पडले कीं नाहीं तें पाहतात. यास दुसरा माणूसहि लागत नाहीं.

सोमवारीं दादांनीं गाडी पुनः त्याच वायरमनकडे नेली. भांडावयास नव्हे, दाखवावयास. तो डिकींत वांकून त्या स्क्रूकडे बराच वेळ पाहत राहिला. "अर्थ होता होय!" एवढेंच म्हणाला, आणि होल्डरचे घेतलेले पैसे खिशांतून काढून, दादा नको नको म्हणत असतांना, त्यानें पुढच्या बैठकीवर ठेविले.